डबस्टेप आणि बदलती आवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्यांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या शेजारी बसून वैतागलेल्यांकडून, हे प्रश्न सतत येत असतात. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच. सोपे आधी घेतले आहेत, चकवणारे शेवटी. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. डबस्टेप म्हणजे नक्की काय? दोन वाक्यांत सांगता येईल का?

मिनिटाला साधारण १४० ठोके असलेलं, तरी निम्म्या वेगाने चालल्यासारखं वाटणारं आणि सगळा भार अगदी खालच्या बेसवर टाकणारं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते दक्षिण लंडनमध्ये घडलं.

तिसरं वाक्य हवंच असेल तर आज या एका नावाखाली दोन बरीच वेगळी संगीतं नांदतात, आणि निम्मे वाद त्यातूनच निघतात (प्रश्न ७).

२. हे अमेरिकेतून आलं ना? स्क्रिलेक्स या अमेरिकन डीजेनेच सुरू केलं असं मित्र म्हणतो.

मित्राला क्रॉयडनचं नाव सांगा. दक्षिण लंडनचं हे उपनगर. तिथे सरी स्ट्रीटवर १२७६ च्या सनदेपासून बाजार भरतो. भाजीच्या गाड्या, आरडाओरडा, सगळं. त्याच रस्त्यावर 'बिग ॲपल रेकॉर्ड्स' नावाचं तबकड्यांचं दुकान होतं. काउंटरवर हॅचा नावाचा डीजे असायचा, वरच्या मजल्यावर आर्टवर्क या निर्मात्याचा स्टुडिओ होता. दुकानात पडीक असणाऱ्या पोरांमध्ये स्क्रीम आणि बेंगा हे दोघे होते. दोघांचा जन्म १९८६ चा, म्हणजे तेव्हा मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. पोरं घरी 'फ्रूटीलूप्स' या सॉफ्टवेअरवर ट्रॅक करायची, बेंगाने तर सुरुवात प्लेस्टेशनवर केली. आणलेले ट्रॅक हॅचा वाजवायचा.

त्या वेळी लंडनमध्ये गॅराज जोरात होतं: उड्या मारणारा टू-स्टेप ठेका, गोड गळे, चकचकीत कपडे. काही निर्मात्यांनी त्यातला गळा काढून टाकला, चकाकी काढली, आणि उरलेल्या रिकाम्या जागेत बेस भरला. ही युक्ती नवी नव्हती. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये किंग टबीने १९७० च्या दशकात तयार गाण्यांतून आवाज वगळून, बेस आणि ढोल प्रतिध्वनीत बुडवून 'डब' घडवलं होतं. कॅरिबियन बेटांवरून लंडनला आलेल्या कुटुंबांनी आपल्या साउंड सिस्टीमही सोबत आणल्या, आणि त्यांची नातवंडं क्रॉयडन-ब्रिक्स्टनच्या भागात वाढत होती.

२००१ मध्ये लंडनच्या सोहो भागात 'फॉरवर्ड' ही क्लब-रात्र सुरू झाली, ती पुढे शोरडिचच्या 'प्लास्टिक पीपल' या लहानशा, अंधाऱ्या क्लबमध्ये गेली. २००२ मध्ये एका अमेरिकन मासिकाने मुखपृष्ठावर 'डबस्टेप' हा शब्द छापला, तोवर मंडळी त्याला वाट्टेल ते म्हणत होती. २००४ मध्ये बिग ॲपल बंद पडलं. २००५ मध्ये माला, कोकी आणि लोफा यांनी ब्रिक्स्टनला 'डीएमझेड' ही क्लब-रात्र सुरू केली. स्क्रिलेक्सचा उदय त्यानंतर पाच वर्षांनी.

३. १४० बीपीएम म्हणतात, पण मला तर रांगल्यासारखं वाटतं. आणि माझं ॲप ७० दाखवतं. खरं काय?

दोन्ही. हाउस किंवा ट्रान्स या इतर नृत्यप्रकारांत किक (मोठ्या ढोलाचा ठोका) चारही मात्रांवर पडते. डबस्टेपमध्ये बहुधा पहिल्या मात्रेवर किक, तिसरीवर स्नेअर (टाळीसारखा खणखणीत ठोका) आणि अधेमधे मोकळं. १४० च्या वेगात एक मात्रा ०.४३ सेकंदाची, म्हणजे चार मात्रांचं आवर्तन १.७ सेकंदांचं. एवढ्या वेळात स्नेअर एकदाच वाजतो, म्हणून अंगाला ठाय लय वाटते. हाय-हॅट (झांजेची चिकचिक) आणि बेस मात्र त्याच वेळी दुगुनीत, तिगुनीत फिरत असतात. कोणाची मान संथ डोलते, कोणाचे पाय झपाझप पडतात, आणि दोघेही तालात असतात.

ॲप किक आणि स्नेअर मोजतं म्हणून ७० म्हणतं. निर्माते १४० लिहितात, कारण मात्रांची बारीक विभागणी त्या जाळीवर बसवायला सोपी जाते आणि शेजारचं ग्राइम (लंडनचं रॅपसंगीत) ही १४० चंच असतं.

४. तो 'वॉव-वॉव-वॉव' आवाज कशाने काढतात?

त्याला वॉबल म्हणतात. सिंथेसायझरवर एक भरीव स्वर धरायचा, तो लो-पास फिल्टरमधून सोडायचा. हा फिल्टर ठरावीक रेषेच्या वरचे ध्वनी अडवतो आणि खालचे जाऊ देतो. आता ती रेष एका सावकाश चालणाऱ्या लहरीने, म्हणजे एलएफओने, वरखाली करायची. रेष वर गेली की स्वर उघडतो, खाली आली की मिटतो: वॉव.

खरी करामत लहरीचा वेग तालाला बांधण्यात असते. १४० ला मात्रेमागे एकदा म्हटलं तर सेकंदाला सुमारे २.३ वेळा, दोनदा म्हटलं तर ४.७ वेळा. हा वेग मध्येच तिगुनीत नेला की बेस बोलल्यासारखा वाटतो. आजही बहुतेक नवशिके हीच कसरत आधी करतात. सॉफ्टवेअरच्या बाबतीत 'मॅसिव्ह' आणि नंतर 'सिरम' ही नावं सारखी ऐकू येतील.

एक गैरसमज मात्र काढून टाका. वॉबल नसलेलं डबस्टेप भरपूर आहे. सुरुवातीच्या काळातले कित्येक ट्रॅक एका सरळ, लांबवलेल्या खर्जावर उभे आहेत.

५. सगळे बेसचं कौतुक करतात. मला मोबाईलवर काहीच ऐकू येत नाही. कान खराब आहेत का?

कान ठीक आहेत, स्पीकर बोटभर आहे. डबस्टेपचा सब-बेस साधारण ३० ते ६० हर्ट्झमध्ये असतो. मोबाईलचा स्पीकर त्याच्या कितीतरी वरूनच सुरू होतो. त्यामुळे फोनवर तुम्हाला ऐकू येतात ते हाय-हॅट, स्नेअर आणि थोडं वरचं गुरगुरणं. मुख्य पात्र स्टेजवर आलेलंच नसतं. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची हवेतली लांबी साडेआठ मीटर भरते. असा आवाज निर्माण करायला मोठा कागद असलेला स्पीकर आणि बरीच हवा हलवायची ताकद लागते.

कानात घट्ट बसणारे इअरफोन घेतले तर सब-बेस ऐकू येतो. पण अंगाला लागत नाही. आणि हे संगीत मुळात अंगाला लागावं म्हणूनच केलेलं आहे. डीएमझेडच्या जाहिरातपत्रकावर लोकांना बेसच्या वजनावर ध्यान करायला बोलावलं जायचं. वाचताना थोडं अति वाटतं. मोठ्या सिस्टीमसमोर उभं राहिलं की बरगड्या थरथरतात, शर्टाचं कापड हलतं, नाकाचा शेंडा गुदगुल्या झाल्यासारखा होतो, आणि मग ते अति वाटत नाही.

म्हणून कोणी "ऐकलं, नाही आवडलं" म्हणालं की मी आधी "कशावर ऐकलंत?" एवढंच विचारतो.

६. डबप्लेट डबप्लेट काय असतं? एमपीथ्रीच्या जमान्यात तबकडी कशाला?

डबप्लेट म्हणजे कारखान्यात न छापता स्टुडिओत एकेक करून कोरलेली तबकडी. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ लेप असतो, साधारणपणे दहा इंची. कोरणाऱ्या यंत्राची सुई त्यावर खाचा पाडत जाते. लेप मऊ असल्याने प्रत्येक वेळी वाजवताना थोडा झिजतो. काही डझन वेळा वाजली की वरचे स्वर धूसर व्हायला लागतात. दक्षिण लंडनमधल्या 'ट्रान्झिशन' या स्टुडिओत डबस्टेपच्या बऱ्याच डबप्लेट कोरल्या गेल्या.

एवढा खर्च आणि खटाटोप करायची दोन कारणं. पहिलं जमैकाच्या परंपरेतलं: जो ट्रॅक दुसऱ्या कोणाकडे नाही तो आपल्याकडे असणं हीच डीजेची पत. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कोरणारा माणूस बेस तपासून घेतो, आणि निर्माता त्याच रात्री तो मोठ्या सिस्टीमवर ऐकून घरी जाऊन दुरुस्त करतो. सिस्टीम हीच परीक्षक. प्लास्टिक पीपलमध्ये चालला नाही तर ट्रॅक बाद. त्या पहिल्या काही वर्षांतलं डबस्टेप इतकं उघडं, मोकळं का आहे ते यात दडलंय: खोलीतल्या बेसला जागा द्यायची म्हणून बाकीचं काढून टाकलं जात होतं.

७. 'स्क्रिलेक्सचं खरं डबस्टेप नाही' असं काही लोक नाक मुरडत सांगतात. का?

त्यात थोडं तथ्य आहे आणि बराच तोरा.

तथ्य असं. सॉनी मूर, म्हणजे स्क्रिलेक्स, आधी रॉक बँडमध्ये गायचा. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याचं 'स्केरी मॉन्स्टर्स अँड नाइस स्प्राइट्स' आलं. त्यात १४० चा वेग आहे, तिसऱ्या मात्रेवरचा स्नेअर आहे, पण जोर सब-बेसवरून उचलून मधल्या पट्टीत आणलाय: किंचाळणारे, धातू घासल्यासारखे, क्षणाक्षणाला बदलणारे आवाज. जुन्या डबस्टेपमध्ये एखादी लकेर सोळा आवर्तनं तशीच चालते. इथे दोन आवर्तनांत चार वेगळे आवाज येऊन जातात, आणि सगळं एका 'ड्रॉप'च्या, म्हणजे थांब्यानंतर बेस कोसळतो त्या, क्षणासाठी रचलेलं असतं. या प्रकाराला चिडवून 'ब्रोस्टेप' म्हणायला लागले.

तोऱ्याचं काय? ही कर्कशता परदेशातून लादली गेली असं सांगितलं जातं, ते खरं नाही. बीज लंडनमध्येच होतं. डीएमझेडच्याच कोकीने २००७ मध्ये 'स्पंजबॉब' काढला, आणि त्याचा बेस काही ध्यानधारणेला बसण्यासारखा नव्हता. त्याच वर्षअखेरीस कॅस्पा आणि रस्को या ब्रिटिश डीजेंचं 'फॅब्रिकलाइव्ह ३७' हे मिश्रण आलं. कित्येक विद्यापीठांच्या वसतिगृहांत डबस्टेप पोचलं ते त्या सीडीने. रस्कोनेच पुढे या कर्कश शर्यतीचं खापर थोडं आपल्या डोक्यावर फोडून घेतलं.

माझं मत विचाराल तर फरक देशाचा कमी आणि स्पीकरचा जास्त आहे. २०१० पर्यंत बहुतेक नवे श्रोते लॅपटॉपवर, यूट्यूबवर ऐकत होते, आणि लॅपटॉपला ४० हर्ट्झ वाजवता येत नाही. तिथे उठून दिसायचं तर आवाज मधल्या पट्टीत आणावाच लागतो. क्रॉयडनची पोरं खोलीसाठी संगीत करत होती, नंतरची स्क्रीनसाठी. दोन्हींनी आपापल्या स्पीकरला न्याय दिला.

८. मग एवढ्या झटपट लोकप्रिय कसं झालं?

बाहेरून झटपट वाटतं. आत पाच-सहा वर्षांचा दम होता.

आधी चोरटं रेडिओ स्टेशन: 'रिन्स एफएम' १९९४ पासून विनापरवाना चालत होतं, परवाना मिळाला २०१० मध्ये. तोवर आठवड्याचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून लोक इंटरनेटवर देवाणघेवाण करायचे, त्यामुळे लंडनमध्ये पाऊल न ठेवलेल्यांनाही कालचे ट्रॅक माहीत असत. २००५ मध्ये स्क्रीमचा 'मिडनाइट रिक्वेस्ट लाइन' आला. ज्याची चाल गुणगुणता येईल असा डबस्टेप ट्रॅक ही तेव्हा नवलाईच होती, आणि ग्राइमवाल्यांनीही तो वाजवला. जानेवारी २००६ मध्ये बीबीसी रेडिओ वनवर मेरी ॲन हॉब्ज यांनी या मंडळींना एका कार्यक्रमात एकत्र आणलं. दोन महिन्यांनी डीएमझेडच्या पहिल्या वाढदिवसाला एवढी रांग लागली की कार्यक्रम वरच्या मोठ्या हॉलमध्ये हलवावा लागला.

पुढचे टप्पे माहितीचेच: २००९ मध्ये ला रू या ब्रिटिश पॉप जोडीच्या गाण्याला स्क्रीमने दिलेलं नवं रूप, २०१० मध्ये स्क्रीम-बेंगा-आर्टवर्क या तिघांचं 'मॅग्नेटिक मॅन' ब्रिटनच्या पहिल्या दहात, जानेवारी २०११ मध्ये ब्रिटनी स्पिअर्सच्या गाण्याच्या मध्यावर वॉबल, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये स्क्रिलेक्सला एकाच रात्री तीन ग्रॅमी. त्याच सुमारास मोबाईलच्या, गाड्यांच्या जाहिरातींत तो आवाज घुसला. जाहिरातवाल्यांना तो आवडणारच. चार सेकंदांत लक्ष वेधून घेतो.

९. पुण्यात कॉलेजला असताना मी ट्रान्सचा भक्त होतो, दरवर्षी डिसेंबरात गोवा. आता ते ऐकवत नाही आणि डबस्टेप, गॅराज आवडायला लागलंय. माझी आवड सुधारली की वयाचा परिणाम?

हा प्रश्न थोड्याफार फरकाने सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

'सुधारली' हा शब्द सोडून द्या. ट्रान्स खालच्या पायरीवर, डबस्टेप वरच्या, अशी उतरंड नाही. तसं पाहिलं तर हणजूणच्या किनाऱ्यावर वाढलेलं ट्रान्स १४० ते १५० च्याच वेगात धावतं, म्हणजे वेगाच्या बाबतीत तुम्ही जागचे हललाही नाहीत. बदललं ते एवढंच की आता भरगच्च प्रवाहापेक्षा मधली मोकळी जागा तुम्हाला हवीशी वाटते.

असं होण्यामागे एक साधी यंत्रणा आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते. पण संगीतात हा आलेख कायम चढत नाही. ओळखीने गोडी वाढते, शिखर येतं, मग कान पुढचं सगळं आधीच ओळखू लागतो आणि उतरण लागते. ट्रान्समध्ये उभारणी, थांबा, स्फोट हा आराखडा ठरलेला असतो. हजार वेळा ऐकल्यावर थांबा सुरू होतानाच स्फोट कधी येणार ते कळतं. मग कान दुसरीकडे अनपेक्षित शोधतो. डबस्टेपचंही असंच होईल. ड्रॉपवर आधारलेल्या डबस्टेपचं तर लवकर होतं, कारण तिथे एकच क्षण विकत घेतलेला असतो.

दुसरं कारण लोक विसरतात: तुमच्या ऐकण्याची जागा बदलली. पहाटे चारला किनाऱ्यावर दोनशे माणसांत जे संगीत तुम्हाला उचलून धरत होतं, ते आता बसमध्ये इअरफोनवर एकट्याने ऐकताय. ते संगीत त्या कामासाठी नव्हतंच. उलट पावसाळी संध्याकाळी एकट्याने ऐकायला गॅराजच्या वळणाचं बरंच काही सापडतं (प्रश्न १५).

वयाचं म्हणाल तर सोळा ते पंचविसातलं संगीत माणसाला आयुष्यभर चिकटतं. दहा वर्षांनी एखादा जुना ट्रान्स ट्रॅक अचानक लागला आणि अंगावर काटा आला, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. म्हणून जुन्या हार्ड डिस्क फेकू नका.

१०. माझ्या मित्रांना आता सगळ्यांनाच डबस्टेप आवडतं. मला मात्र त्यामुळेच कंटाळा यायला लागलाय. हे ढोंग आहे का?

थोडं असेल, आणि माणसात तेवढं चालायचं. पण एकदा तपासून बघा: कंटाळा ट्रॅकचा आलाय की मित्रांचा?

ज्यांनी हे घडवलं त्यांच्याकडे पाहा. स्क्रीम २०१३ च्या सुमारास डिस्को आणि हाउसकडे वळला. चाहत्यांनी शिव्या घातल्या, तो वळलाच. लोफाने २००९ मध्ये 'स्वॉम्प ८१' हे लेबल (तबकड्या काढणारी छोटी कंपनी) काढलं आणि हळूहळू अर्ध्या लयीचा ठेकाच सोडला. मालाने २००६ पासूनचं 'डीप मेडी' हे लेबल त्याच खर्जाशी प्रामाणिक राहून चालवलं, आणि मधल्या काळात हवानाला जाऊन क्युबन वादकांबरोबर २०१२ मध्ये एक अख्खा अल्बमही केला. एकाच खोलीतून निघालेले तिघे तीन दिशांना गेले. लोकप्रियतेची चीड सगळ्यांनाच असेल, पण नुसत्या चिडीवर कोणाची पुढची दहा वर्षं उभी राहिलेली नाहीत. त्यांना दुसरं काहीतरी खरोखर आवडलं होतं.

११. दादा, मला ते जुनं लंडनवालं झेपत नाही. मला फक्त तुफान ड्रॉप आवडतात. चालेल ना?

चालेल की. परवानगी कसली मागतोस! स्क्रिलेक्स ऐक, रस्को ऐक, 'रिडिम' नावाचा त्याहून आडदांड प्रकार आहे तोही ऐक. फक्त आवाज जपून (प्रश्न १४).

१२. भारतात हे कोण करतं? मराठी माणसाचा यात काही संबंध?

पहिलं नाव न्यूक्लियाचं, म्हणजे उद्यन सागर. अहमदाबादच्या 'बंदिश प्रोजेक्ट'मधून तो आला. त्याने वॉबल घेतला आणि त्याखाली आपल्याकडचे रस्त्यावरचे ठेके घातले, वरातीतले, मिरवणुकीतले. 'बास रानी' हा अल्बम त्याने २०१५ मध्ये मुंबईत गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत लोकांपुढे आणला, आणि तो फुकट उतरवून घेता येत होता. पुढच्या वर्षी 'राजा बाजा' वरळीच्या एनएससीआय डोममध्ये. शुद्ध डबस्टेप शोधाल तर त्यात ट्रॅप (हिपहॉपमधून आलेला प्रकार) जास्त सापडेल. तरी बेसची ओळख आपल्याकडच्या हजारो पोरांना त्यानेच करून दिली.

त्याआधी मुंबईत लोअर परळच्या 'ब्लू फ्रॉग'सारख्या जागी ड्रम अँड बेस (याहून वेगवान बेस-संगीत) आणि डबस्टेपच्या रात्री होत. तो क्लब २०१६ मध्ये बंद झाला. हिंदी चित्रपटगीतांत २०१२ च्या आसपास अंतऱ्यानंतर आठ मात्रांचा वॉबल टाकायची साथ आली होती. गेली ते बरं झालं.

उलट दिशेचं एक उदाहरण: ब्रिस्टलच्या पिंच या निर्मात्याने २००६ मध्ये 'कव्वाली' नावाचाच ट्रॅक काढला. घाईघाईने डकवलेला पूर्वेकडचा मसाला त्यात नाही. ऐकाच.

१३. गणपतीतला डॉल्बी आणि हे एकच ना? तिथेही छाती हादरते.

छाती हादरण्याचं शास्त्र एकच, आणि जमैकाच्या साउंड सिस्टीमचं आणि कोल्हापूर-साताऱ्याच्या बेस-टॉपच्या भिंतीचं नातं मला तरी जवळचं वाटतं. गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून उभारलेली सिस्टीम, शेजारच्या मंडळाशी आवाजाची चढाओढ, स्वतःच्या नावाने करून घेतलेली गाणी: ही सगळी किंग्स्टनचीही कथा आहे.

फरक आहे तो मांडणीत. मिरवणुकीत सगळ्या पट्ट्या एकाच वेळी शेवटपर्यंत ओढलेल्या असतात, वरून टॉप कानात सुऱ्या खुपसतात. चांगल्या डबस्टेप सिस्टीमवर खालचा बेस प्रचंड असतो, पण शेजारच्याशी बोलता येतं. शिवाय एक बंद खोली, दुसरी भर वस्ती. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. भिंत सुरू झाली की ती कुठल्या कुठे मागे पडते. ४० हर्ट्झला तर खिडकी लावूनही अडवता येत नाही. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांना हे सौंदर्यशास्त्र ऐकवायला जाऊ नये.

१४. कानाला धोका किती? बेस तर मऊ असतो ना?

मऊ वाटतो, म्हणूनच फसवतो. कामाच्या ठिकाणांसाठी वापरला जाणारा एक ठोकताळा असा की ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं सांगितलं. क्लबमध्ये अख्खी रात्र काढणाऱ्याने यावरून काय ते समजावं.

मोबाईलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर विसंबू नका. ती बहुधा 'ए' मापनपद्धत वापरतात, ज्यात ५० हर्ट्झचा ध्वनी सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. आकडा सौम्य दिसतो आणि बरगड्या हलत असतात. संगीतासाठीचे इअरप्लग मिळतात, ते घाला. खालचा बेस हाडांतूनही पोचतो, त्यामुळे मजा फारशी कमी होत नाही. घरी येऊन कानात शिट्टी वाजत राहिली तर पुढचे काही दिवस शांततेत काढा; शिट्टी गेलीच नाही तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

१५. बुरियल या निर्मात्याचं संगीत डबस्टेप आहे का? यावरून आमच्यात दोनदा भांडण झालंय.

पत्ता डबस्टेपचा, ठेका गॅराजचा. कोडनाइन या डीजेच्या 'हायपरडब' लेबलवर २००६ मध्ये पहिला अल्बम आला, २००७ मध्ये 'अनट्रू'. दुसऱ्याला मर्क्युरी या ब्रिटिश संगीत पुरस्काराचं २००८ चं नामांकन मिळालं तेव्हा हा माणूस कोण हेच कोणाला माहीत नव्हतं. वृत्तपत्रं मागे लागल्यावर त्याने त्याच ऑगस्टमध्ये स्वतःच नाव सांगून टाकलं. तिसऱ्या मात्रेवरचा ठाम स्नेअर त्यात फारसा नाही. टू-स्टेपचा लंगडता ठेका आहे, तोही मात्रांच्या जाळीवर न बसवता साध्या ध्वनिसंपादकात डोळ्यांनी लाटा बघून मांडलेला. म्हणून तो किंचित मागेपुढे सरकतो. वरून पावसाची, तबकडीच्या चरचरीची पुटं.

म्हणजे व्याख्येने नाही, घराण्याने हो. आणि गंमत अशी की ज्यांना प्रश्न ५ मधली सिस्टीम कधीच मिळणार नाही त्यांना हा सगळ्यात जवळचा वाटतो, कारण हे रात्रीच्या बसमध्ये हेडफोनवर ऐकायचंच संगीत आहे.

१६. घरात लावलं की आई विचारते, "मिक्सर अडकलाय का?" काय उत्तर देऊ?

आईचा कान बरोबर आहे. मधल्या पट्टीतला वॉबल तसाच ऐकू येतो. उत्तर देत बसू नका. दुसऱ्या दिवशी मालाचा एखादा संथ ट्रॅक हळू आवाजात लावा, खाली तानपुऱ्यासारखा एक स्वर लागलेला असतो. विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर जिंकलात.

१७. डबस्टेप आता संपलं असं वाचलं. मग मी उशिरा आलो का?

२०१३ नंतर जाहिराती आणि मोठे महोत्सव ट्रॅपकडे, मग आणखी कशाकशाकडे गेले. प्लास्टिक पीपल २०१५ मध्ये बंद झालं. संपलं ते फॅड. लहान लेबलं, लहान खोल्या चालू राहिल्या, आणि बऱ्याच जणांनी बदनाम झालेलं नाव टाकून नुसतं '१४०' म्हणायला सुरुवात केली. २०२३ मध्ये स्क्रिलेक्स, फ्रेड अगेन आणि लंडनचा जुना ग्राइम गायक फ्लोडॅन यांचा 'रंबल' आला, २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. त्यात किंचाळणं जवळपास नाही. रिकामी जागा आहे आणि खाली खर्ज. प्रश्न ७ मधल्या भांडणातला एक पक्ष चालत दुसऱ्याच्या घरी आला म्हणायचं.

१८. ॲप मला तेच ते पन्नास ट्रॅक ऐकवतं. नवीन कसं शोधायचं?

ट्रॅकच्या मागे लागू नका, लेबलच्या लागा. टेम्पा, डीप मेडी, टेक्टॉनिक, हायपरडब: एकेका लेबलची यादी जुन्याकडून नव्याकडे ऐका. सुटे ट्रॅक ऐकण्यापेक्षा तासाभराचा डीजे सेट लावा, कारण हे संगीत एकमेकांत मिसळण्यासाठीच केलेलं असतं. सुट्या ट्रॅकची पहिली दीड मिनिटं रिकामी वाटतात ती त्याचसाठी. ॲपला कळतं ते एवढंच की तुम्ही दहाव्या सेकंदाला पुढे ढकललंत. मग ते लवकर स्फोट होणारे ट्रॅक आणून द्यायला लागतं.

१९. तुमच्या सांगण्यावरून मोठ्या सिस्टीमवर जाऊन ऐकलं. तरीही नाही आवडलं. आता?

आता काही नाही. तुम्हाला डबस्टेप आवडत नाही. वेग जास्त हवा असेल तर १७० च्या पुढचं ड्रम अँड बेस बघा, शब्द हवे असतील तर ग्राइम, नाचायला सरळ ठेका हवा असेल तर हाउस. इअरप्लग ठेवून द्या, ते तिथेही लागतील.